ग्रीनस्टेडच्या ओकच्या भिंती: खेड्यातल्या एका चर्चचं वय ठरवताना

लंडनच्या ईशान्येला, एसेक्स परगण्यात, चिपिंग ऑंगर नावाचं छोटंसं बाजाराचं गाव आहे. तिथून पश्चिमेला मैलभर चाललं की ग्रीनस्टेड लागतं. गाव म्हणायचं ते शेतांमुळे. एक जुनी हवेली, तिच्या शेजारी झाडीत सेंट अँड्र्यूचं चर्च, एवढाच ऐवज. पांढऱ्या फळ्यांनी मढवलेला बुटका मनोरा लांबूनच दिसतो, पण असे मनोरे एसेक्समध्ये बरेच आहेत. वेगळेपण जवळ गेल्यावर कळतं. या चर्चच्या मधल्या भागाची भिंत ना दगडाची आहे, ना विटांची. ओकचे उभे चिरलेले ओंडके एकाला एक भिडवून ती रचली आहे.

जगातलं सर्वांत जुनं लाकडी चर्च अशी त्याची ख्याती. १९७२ साली ब्रिटिश टपाल खात्याने खेड्यांतल्या चर्चवर तिकिटांची मालिका काढली, तेव्हा तीन पेनीच्या तिकिटावर ग्रीनस्टेड झळकलं. ख्याती खोटी नाही. पण जुनं म्हणजे किती, आणि नक्की कोणता भाग जुना, हे विचारलं की उत्तरं फुटायला लागतात. कोणी ८४५ सांगतं, कोणी १०१३, कोणी १०६०च्या पुढचं. विटांचा भाग १५००च्या आसपासचा, आणि भिंतीचा पाया १८४८चा. जुन्या वास्तूचं वय कसं काढतात आणि दुरुस्तीमुळे तेच वय कसं अर्धवट पुसलं जातं, या दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत इतक्या स्पष्ट दिसण्याचे योग थोडे. प्रकरण म्हणून ग्रीनस्टेड निवडलं ते त्यासाठी.

भिंत कशी उभी आहे

चर्चच्या ज्या लांबट भागात लोक बसतात त्याला नेव्ह म्हणतात. त्याच्या पूर्वेला वेदी असलेला छोटा भाग म्हणजे चान्सल. ग्रीनस्टेडची नेव्ह लाकडी आहे आणि चान्सल विटांचं.

नेव्ह तशी लहानच. अठराव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या संस्थेने तिचं चित्र छापलं. त्या काळातल्या मोजमापांनुसार लांबी जवळपास ३० फूट, रुंदी १४ फूट, आणि बाजूच्या भिंती जेमतेम साडेपाच फूट उंच. म्हणजे उंच माणूस आत भिंतीला टेकून उभा राहिला तर त्याचं डोकं छताच्या उतारात जाणार.

ओंडका उभा चिरायचा, गोल बाजू बाहेर ठेवायची, सपाट बाजू आत. आतली बाजू वाकसाने तासलेली. ती रंध्याने गुळगुळीत केलेली नाही, त्यामुळे वाकसाचे घाव आजही बोटाला लागतात. प्रत्येक ओंडक्याच्या दोन्ही कडांना उभी खाच आणि शेजारशेजारच्या दोन खाचांत मिळून ओकचीच एक पातळ पट्टी बसवलेली. लाकूड सुकलं की आकसतं आणि दोन ओंडक्यांमध्ये फट पडते. पट्टीमुळे त्या फटीतून वारा-पाऊस आत येत नाही. अठराव्या शतकातलं वर्णन सांगतं की ओंडक्यांची खालची टोकं आडव्या उंबरतुळईत आणि वरची टोकं माथ्याच्या आडव्या लाकडात रोवून लाकडी खुंट्यांनी पक्की केली होती. सगळी पकड खाचा आणि खुंट्यांची. आज असे ५१ ओंडके मोजतात.

मुळात खिडक्या नव्हत्याच. उजेड दारातून यायचा, बाकी दिवे. आज छपरात दिसतात त्या खिडक्या पुष्कळ नंतरच्या.

हे लाकूड टिकलं त्याचं बरंचसं श्रेय ओकच्या गाभ्याला. गाभ्यात टॅनिन भरपूर, त्यामुळे किडा आणि बुरशी यांना तो सहजासहजी दाद देत नाही. सालीलगतचं कोवळं लाकूड मात्र लवकर खलास होतं. पुढे तारखांचा घोळ येणार आहे त्याचं मूळ इथेच आहे.

उभ्या लाकडाचा कच्चा दुवा कुठे असतो हे आपल्याकडच्या कुठल्याही वाड्याच्या सुताराला विचारा. तो खांबाखाली दगडी तळखडा ठेवतो, कारण ओल खालून चढते आणि टोकाच्या उघड्या तंतूंमधून लाकूड ती पिऊन घेतं. ग्रीनस्टेडच्या ओंडक्यांना तळखडा नव्हता, आणि एसेक्सची माती चिकण. छपरावरचं पाणी पायाशी पडून वर उडत राहिलं, आणि टोकं शतकानुशतकं कुजत गेली.

राजा एडमंडचं पार्थिव

पूर्व अँग्लियाचा राजा एडमंड ८६९ साली डेन लोकांच्या, म्हणजे डेन्मार्ककडून आलेल्या व्हायकिंग हल्लेखोरांच्या, हातून मारला गेला आणि पुढे संत ठरला. दंतकथा म्हणते, त्याचं तोडलेलं मुंडकं एका लांडग्याने राखलं. ग्रीनस्टेडच्या आत हा लांडगा कोरलेला आहे. एडमंडचं पार्थिव जिथे ठेवलं ते गाव म्हणजे आजचं बरी सेंट एडमंड्स. १०१० मध्ये डेन हल्ल्यांच्या भीतीने ते लंडनला हलवलं आणि १०१३ मध्ये परत नेलं. तिथल्या मठाच्या एका नोंदीत असं आहे की परतीच्या वाटेवर ऑंगरपाशी मुक्काम पडला आणि त्याची आठवण म्हणून एक लाकडी कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, तिथे आजपर्यंत उभी आहे.

ऑंगरपाशी, लाकडी, आणि अजून उभी. अठराव्या शतकातल्या हौशी संशोधकांना एवढं पुरेसं होतं. त्यांनी ग्रीनस्टेडकडे बोट दाखवलं, आणि १०१३ हे साल चर्चला चिकटलं ते चिकटलंच.

माझ्या मते हा पुरावा तसा बरा आहे, पण तो जागेचा पुरावा आहे, लाकडाचा नाही. मुक्काम इथे पडला असेलही. पण पार्थिव ज्या छपराखाली ठेवलं ते छप्पर आणि आज दिसणाऱ्या भिंती एकच, हे त्या नोंदीतून निघत नाही. नोंद करणाऱ्याच्या काळात उभी असलेली कपेल म्हणजे पार्थिव जिथे ठेवलं तीच खोली, असंही नाही. ती नंतर, आठवणीखातर बांधलेली असू शकते.

८४५ कुठून आलं

१९६०च्या सुमारास इथे दोन कामं झाली. एक, चान्सलच्या जमिनीखाली खोदकाम. त्यात आधीच्या दोन साध्या लाकडी वास्तूंच्या खुणा सापडल्या. अभ्यासक त्यांचा काळ सहाव्या शतकाच्या अखेरीचा किंवा सातव्याच्या सुरुवातीचा मानतात. ६५४च्या सुमारास सेड नावाच्या धर्मोपदेशकाने एसेक्समधल्या सॅक्सन लोकांत, म्हणजे नॉर्मनांच्या आधी इथे वसलेल्या लोकांत, ख्रिस्ती धर्माचं काम सुरू केलं, त्याच्याशी पहिल्या चर्चचं नातं जोडतात. तेव्हा जागा म्हणून ग्रीनस्टेड आजच्या भिंतींहून कितीतरी जुनं आहे, एवढं या खोदकामाने पक्कं केलं.

दुसरं काम झाडाच्या वार्षिक वलयांवरून लाकडाचं वय काढण्याचं. त्यातून ८४५ हे साल आलं आणि ते पत्रकांत, पाट्यांवर, टपालाच्या तिकिटाबरोबरच्या माहितीत सगळीकडे गेलं. इंग्लंडमध्ये त्या काळी हे शास्त्र बाल्यावस्थेत होतं. तंत्राचं सूत्र सोपं आहे. ओल्या वर्षी झाड जाड वलय धरतं, कोरड्या वर्षी बारीक. जाड-बारीकचा हा क्रम एका प्रदेशातल्या सगळ्या ओकांत साधारण सारखा असतो. तुमच्या तुळईतला क्रम घ्यायचा, आणि ज्ञात सालांच्या लांब संदर्भमालेवर तो कुठे जुळतो ते पाहायचं. पण मागच्या हजार वर्षांची भरवशाची संदर्भमाला इंग्लिश ओकासाठी तेव्हा तयारच नव्हती. ती पुढच्या दोन-तीन दशकांत, शेकडो इमारतींच्या आणि उत्खननांतल्या लाकडांवरून, तुकडा तुकडा जोडून उभी राहिली.

१९९०च्या दशकात नव्या संदर्भमालेवर तपासणी झाली तेव्हा शेवटचं मोजता येणारं वलय १०५३ सालचं निघालं. म्हणजे झाड १०५३ मध्ये तोडलं असं नाही. गाभ्याबाहेर सालीलगतची कोवळी वलयं असतात. इथे ती शिल्लकच नाहीत, सुताराने तासून टाकली किंवा झिजून गेली. इंग्लिश ओकात अशी कोवळी वलयं साधारण १० ते ५५ असतात. १०५३ मध्ये ती मिळवली की झाड तोडल्याचा काळ १०६३ ते ११०८ या पट्ट्यात येतो. एकच साल हवं असणाऱ्यांचा इथे विरस होतो, पण शास्त्र प्रामाणिक असेल तर एवढंच सांगू शकतं.

या आकड्याने दोन गोष्टी बदलल्या. १०१३ साली आजच्या भिंती उभ्या नव्हत्या, ही झाडं तेव्हा रानात वाढत होती. एडमंडचं पार्थिव इथे ठेवलंच असेल तर ते आधीच्या एखाद्या वास्तूत. दुसरी गोष्ट अधिक मजेशीर. १०६६ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आलेल्या नॉर्मनांनी हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंडच्या राजाला मारून देश जिंकला, आणि आपला पट्टा त्या सालाच्या दोन्ही बाजूंना पसरला आहे. म्हणजे ज्याला सगळे सॅक्सन चर्च म्हणतात ते नॉर्मन राजवटीत बांधलेलं असण्याचीच शक्यता जास्त. पद्धत मात्र सॅक्सनच. हेस्टिंग्जला राजा पडला म्हणून एसेक्सच्या सुताराने दुसऱ्या दिवशी वाकस वेगळा धरला नसणार. राजवटींच्या सालांवरून बांधकामाच्या शैली कापून ठेवायची पाठ्यपुस्तकी सवय अशा वेळी आड येते.

दोनशे-अडीचशे वर्षांनी तरुण ठरूनही मान गेला नाही. नॉर्वेतली प्रसिद्ध स्टेव्ह चर्चेस, म्हणजे उभ्या लाकडी खांबांवर बांधलेली चर्च, उर्नेस, बोर्गुंड वगैरे, आज उभी आहेत त्या रूपात बाराव्या शतकातली. लाकडी इमारत म्हणून जपानचं होर्यू-जी अर्थातच कितीतरी जुनं, पण ते बौद्ध मंदिर.

वीट, कौल, मनोरा

चान्सलच्या भिंतींच्या तळाशी गारगोटीच्या दगडांचा थर दिसतो. तो नॉर्मन काळातल्या चान्सलचा अवशेष. एसेक्समध्ये बांधकामाचा चांगला दगड मिळत नाही. शेतात सापडणाऱ्या गारगोट्या, रानातला ओक आणि पुढे वीट, यांवरच या परगण्याने चर्च बांधली. १५००च्या आसपास चान्सल विटांत नव्याने बांधलं, छपरावरचं गवत जाऊन कौलं आली, दक्षिणेला लाकडी पडवी झाली. पश्चिमेचा मनोरा वेगळा, त्यातल्या एका घंटेवर १६१८ साल आणि ती ओतणाऱ्या विल्यम लँडचं नाव आहे.

चान्सल दोनदा बदललं आणि नेव्ह तशीच राहिली, हे का? माझा अंदाज असा. मध्ययुगीन इंग्लंडच्या रिवाजानुसार चान्सलची दुरुस्ती रेक्टरने, म्हणजे पॅरिशचं (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचं) उत्पन्न घेणाऱ्या धर्मगुरूने करायची, आणि नेव्हची दुरुस्ती गावाने. रेक्टरच्या हाती शेतीच्या उत्पन्नातला दशांश यायचा. ग्रीनस्टेडसारख्या मूठभर घरांच्या पॅरिशकडे काय असणार? लाकूड चालतंय तोवर चालू द्या, हाच शहाणपणा. मोठ्या, पैसेवाल्या गावांनी आपल्या लाकडी नेव्ह पाडून दगडी बांधल्या. इथे पैसा नव्हता म्हणून आज जगाला दाखवायला काहीतरी उरलं. वारसा जपला जातो तो नेहमी कोणाच्या तरी जाणिवेमुळेच, असं नाही.

आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये रोमशी फारकत घेतली, त्या वेळी या भिंती साडेचारशे वर्षांच्या झाल्या होत्या. त्या फारकतीतून निघालेल्या अँग्लिकन पंथाला, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडला, त्या आयत्या मिळाल्या.

रेक्टर रे, आणि १८४८

१८३०च्या दशकाच्या अखेरीस फिलिप रे नावाचे रेक्टर इथे आले. त्याच सुमारास गावात एक अनपेक्षित कुटुंबकबिला येऊन राहिला. डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडलच्या सहा शेतमजुरांना १८३४ मध्ये सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. गुन्हा एवढाच की मजुरी घटू नये म्हणून संघटना बांधली आणि गुप्त शपथ घेतली. देशभर गदारोळ झाला, १८३६ मध्ये माफी मिळाली, ऑस्ट्रेलियातून ते परतले, आणि समर्थकांनी जमवलेल्या निधीतून त्यांना एसेक्समध्ये खंडाने शेती मिळवून दिली. त्यातली एक ग्रीनस्टेडला. त्यांच्यातल्या जेम्स ब्राईनने सोबती थॉमस स्टँडफील्डच्या मुलीशी, एलिझाबेथशी, १८३९ मध्ये याच चर्चमध्ये लग्न केलं. रे यांना ही मंडळी अजिबात रुचली नाहीत. ती चार्टिस्ट, म्हणजे कामगारांना मताधिकार मागणाऱ्या चळवळीचं, राजकारण करतात म्हणून त्यांनी उघड विरोध केला. खंडाची मुदत संपत आली तशी बहुतेक जण कॅनडाला निघून गेले.

या चर्चच्या कामगार-इतिहासात रे खलनायक आहेत आणि वास्तु-इतिहासात तारणहार. माणूस एकच.

कारण १८४८-४९ मध्ये त्यांनीच मोठा जीर्णोद्धार काढला. वास्तुविशारद थॉमस हेन्री वायट. छपराची, छपरातल्या खिडक्यांची कामं झाली, पण कळीचं काम भिंतीच्या पायाशी होतं. ओंडक्यांची कुजलेली टोकं कापली. विटांचं जोतं बांधलं, त्यावर ओकची नवी उंबरतुळई टाकली आणि आखूड झालेले ओंडके तिच्यात परत उभे केले. आज भिंतीच्या खाली वाकून पाहिलं की विटांची ओळ दिसते ती हीच.

याचं मूल्यमापन करताना दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लोकांनी नासवलं. दुसरं म्हणतं, ते नसते तर आज काहीच नसतं. मला दुसरं मत वजनदार वाटतं, कारण कुजण्याची प्रक्रिया थांबत नव्हती आणि ओल तोडणं हा एकच इलाज होता. जोतं बांधलं म्हणूनच पावणेदोनशे वर्षं भिंत उभी आहे. पण किंमत मोजावी लागली, आणि ती पैशात नव्हती. या चर्चविषयीचा सर्वांत महत्त्वाचा तांत्रिक प्रश्न असा की मुळात ओंडके थेट जमिनीत पुरलेले होते की सुरुवातीपासूनच उंबरतुळईवर होते. जमिनीत पुरायची रीत जुनी, उंबरतुळई ही पुढची पायरी. अठराव्या शतकातलं वर्णन उंबरतुळई दाखवतं, पण ती पहिल्या दिवसापासूनची की मधल्या एखाद्या दुरुस्तीतली, हे ओंडक्यांची मूळ खालची टोकं पाहूनच ठरलं असतं. नेमकी तीच कापली गेली.

तारखेचंही तसंच. बाहेरची कोवळी वलयं असती तर झाड तोडल्याचं वर्ष, कदाचित ऋतूसुद्धा सांगता आला असता. लाकडाच्या बाहेरच्या कडेला आणि खालच्या टोकाला जे लिहिलेलं होतं तेच गेलं, मधला भाग सुखरूप आहे. जुन्या लाकडावर काम करणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं: जे आधी कुजतं तेच सर्वाधिक माहिती बाळगून असतं, आणि दुरुस्तीत पहिली करवत तिथेच चालते.

दंतकथांचं काय करायचं

उत्तरेच्या लाकडी भिंतीत एक चिंचोळा झरोका आहे. कुष्ठरोग्यांना आत यायची मनाई असायची, म्हणून त्यांनी बाहेर उभं राहून या झरोक्यातून आशीर्वाद घ्यायचा, असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं. इंग्लंडच्या कित्येक खेड्यांत असा झरोका आणि अशीच कथा आहे. अलीकडे अभ्यासक म्हणतात की जवळच जुनं दार होतं, तेव्हा ही पवित्र पाण्याचं भांडं ठेवायची जागा असावी. प्रवेशाजवळ बाराव्या शतकातली एक दगडी कबर आहे, ती क्रुसेडरची, म्हणजे धर्मयुद्धात लढून आलेल्या योद्ध्याची, म्हणून दाखवतात. दगड न मिळणाऱ्या परगण्यात दगडाचं झाकण म्हणजे असामी मातब्बर असणार, इतपत मान्य करायला हरकत नाही. त्यापुढचं ज्याने त्याने ठरवावं.

आता निर्णय कोण घेतं

१८७७ मध्ये विल्यम मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती चर्चांच्या अशाच बेधडक जीर्णोद्धारांना कंटाळून. आधी नोंद करा, कमीत कमी बदला, नवं ते नवं दिसू द्या, असा तिचा आग्रह. पुढे तो मुख्य प्रवाहाचा नियम झाला. ग्रीनस्टेडचं चर्च आज पहिल्या श्रेणीच्या संरक्षित यादीत आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या वापरातल्या इमारतींना सरकारी परवानगीतून सूट आहे, पण त्याऐवजी फॅकल्टी नावाची धर्मप्रांताची परवानगी लागते. ती देतो धर्मप्रांताचा न्यायाधीश, आणि त्याला सल्ला देते जाणकारांची समिती. १९५५ च्या कायद्यापासून दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञाकडून तपासणी बंधनकारक आहे. पन्हळीत साचलेली पानं, सरकलेलं कौल, जोत्यापाशी वाढलेली माती, असल्या किरकोळ गोष्टी त्या अहवालात येतात, आणि लाकडी भिंतीचं आयुष्य बरंचसं त्यांवरच ठरतं.

उद्या पुन्हा एखाद्या ओंडक्याचं टोक गेलं तर पूर्ण रांग उचलून कापायचा प्रस्ताव समितीपुढे टिकणार नाही. आधी मोजणी, छायाचित्रं, वलयांचा नमुना. मग कुजलं तेवढंच काढून तिथे नव्या ओकचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा, काढलेला तुकडा खूण करून ठेवायचा आणि नव्यावर साल कोरायचं, म्हणजे शंभर वर्षांनी वलयं मोजणारा फसणार नाही.